खरं म्हणजे गरं

समोर बसलेल्या माणसाला कळणार नाही अशा भाषेत बोलणं हे खोटं बोलणं आहे की नाही? हा प्रश्न तत्त्वज्ञांनी सोडवायचा. तो माझ्यासारख्या बँकेतल्या कारकुनाकडे आला याला कारण आमच्या घराच्या भिंती. नांदेडच्या जुन्या भागातलं आमचं घर वडिलोपार्जित आहे. दोन खोल्यांच्या मध्ये लाकडी फळ्यांचा पडदा, तोही वरून दोन हात मोकळा. मधल्या खोलीत कुणी शिंकलं तर बाहेर ओट्यावर बसलेला माणूस 'सत्य आहे' म्हणतो. अशा घरात नवरा-बायकोनं खाजगी बोलायचं कुठं? पहिली काही वर्षं आम्ही गच्चीवर जाऊन बोलत होतो. पण उन्हाळ्यात नांदेडच्या गच्चीवर दुपारी बोलायला गेलेला माणूस खाली येईपर्यंत आपण काय बोललो ते विसरतो, आणि रात्री गेलं तर शेजारच्या तीन गच्च्या जाग्या असतात.

म्हणून आम्ही चची भाषा काढली. ही भाषा महाराष्ट्रात प्रत्येकाला वयाच्या नवव्या वर्षी येते आणि पंधराव्या वर्षी विसरते. शब्दाचं पहिलं व्यंजन काढायचं, त्याच्या जागी च बसवायचा आणि काढलेलं व्यंजन शेवटी ठेवून द्यायचं. 'तू कुठं जातोस' म्हणजे 'चू त चुठं क चातोस ज'. पत्नीला ही भाषा माझ्यापेक्षा चांगली येते, कारण ती चार बहिणींत वाढली. मी प्रत्येक शब्दाला थांबून हिशोब करायचो. तिचं वाक्य संपलेलं असायचं, तिचा रागही संपलेला असायचा आणि मी अजून 'चुठं क'पाशी.

या भाषेत एक मूळचा दोष आहे. ज्या शब्दाची सुरुवातच च नं होते तो शब्द लपत नाही. चहा हा चहाच राहतो. चूक, चोरी, चुगली, चहाडी, चुलता, चेक, चलन आणि चार ही सगळी मंडळी उघडीच्या उघडी. म्हणजे लपवण्यासारखं जे जे आहे त्यातलं निम्मं या भाषेनं आधीच चव्हाट्यावर मांडलंय. (चव्हाटाही त्यातलाच.) शेवटी एके दिवशी सहावीतली आमची मुलगी परकरी वयाला न शोभणाऱ्या गंभीरपणे म्हणाली, "बाबा, चुम्ही त चोटं ख चोलता ब." आणि चची भाषा त्या क्षणी आमच्या घरातून निवृत्त झाली.

तेव्हा मी ठरवलं की स्वतःची भाषा बनवायची. मी कॉमर्सचा पदवीधर. भाषेशी माझा संबंध 'आपला विश्वासू' पुरता. पण कुठलंही काम हाती घेण्याआधी पूर्वीच्या फायली बघाव्यात हा बँकेचा संस्कार असल्यामुळे मी वाचनालयात जाऊन बसलो, आणि मला कळलं की हा धंदा करणारे माझ्याआधी बरेच होऊन गेलेत. श्लायर नावाच्या एका जर्मन पाद्र्यानं १८७९ साली व्होलाप्यूक नावाची जागतिक भाषा बनवली. चिनी लोकांना र म्हणायला जड जातो म्हणून या भल्या माणसानं र शक्य तिथं टाळला. मला हे फार आवडलं. आपल्याला कधीही न भेटलेल्या माणसाच्या जिभेला त्रास होऊ नये म्हणून एक अख्खं व्यंजन सोडून द्यायचं! (पुढे १९३१ साली दुसऱ्या एकानं दुरुस्ती करून र परत आणला. सुधारणा म्हणतात ती हीच.) मग १८८७ साली झामेनहोफ या डोळ्यांच्या डॉक्टरनं एस्पेरांतो काढली. त्याच्या गावात चार जमाती चार भाषा बोलायच्या आणि पाचव्या भाषेत, म्हणजे दगडांच्या, भांडायच्या. सगळ्यांना एकमेकांचं कळावं एवढीच त्याची इच्छा. आणि तिसरा तो ऑक्सफर्डचा प्राध्यापक टॉल्किन. त्यानं भाषा बनवल्या कुणासाठीच नाहीत, स्वतःच्या सुखासाठी. आधी एक प्राचीन भाषा रचायची, मग तिचे उच्चार हजारो वर्षांत कसकसे झिजले असतील याचे नियम करायचे आणि त्या नियमांनी तिच्या दोन वेगळ्या लेकी जन्माला घालायच्या. त्या भाषा बोलायला कुणीतरी हवं म्हणून त्यानं नंतर गोष्टी लिहिल्या. १९३१ साली या छंदावर त्यानं एक व्याख्यान दिलं, त्यात त्याला 'गुप्त व्यसन' असं नाव दिलं होतं. व्याख्यान देऊन सांगितलेलं व्यसन गुप्त कसं, हे मात्र प्राध्यापकांनाच ठाऊक.

म्हणजे भाषा बनवणारे सगळ्यांना कळावं म्हणून बनवतात, नाहीतर आपल्यालाच मजा यावी म्हणून. माझी जात तिसरी. समोरच्याला कळू नये म्हणून बनवणारी. त्या वेळी मला यात काही वावगं दिसलं नाही.

नियम मी एका रविवारी दुपारी केला. आपली वर्णमाला म्हणजे तयार लेजर आहे. क ख ग घ, च छ ज झ, रांगेनं खाती मांडलेली. मी म्हटलं, प्रत्येक व्यंजन एक घर पुढे सरकवायचं. क चा ख, ख चा ग, ग चा घ, आणि घ फिरून क वर. सगळ्या वर्गांना हाच हिशोब. अनुनासिकं, य र ल व, श, स, ह आणि ळ यांना हात लावायचा नाही, कारण त्यांना सरकवायला पुढे घर नाही. नंतर कळलं की परीकथा गोळा करणाऱ्या ग्रिम बंधूंतल्या थोरल्यानं १८२२ साली असाच एक नियम मांडला होता. आपल्या पितृमधल्या प चा इंग्रजांच्या फादरमध्ये फ होतो, त्रिमधल्या त चा थ्रीमध्ये थ होतो, दंतातल्या द चा टूथमध्ये ट होतो, आणि हे सगळं एका रांगेत, शिस्तीनं. मी ते वाचलं तेव्हा दोनशे वर्षांपूर्वीच्या त्या जर्मनाशी हात मिळवावा असं वाटलं. फरक एवढाच की त्यानं नियम शोधला होता आणि मी केला होता. शोधलेल्या नियमाला लोक हजारो वर्षं न कळत पाळतात. केलेला नियम बायकोसुद्धा पाळत नाही.

"हे काय? पगार म्हणजे फघार?" ती म्हणाली.

"हो. आणि खर्च म्हणजे गर्छ."

"घर म्हणजे?"

"कर."

"आणि कर म्हणजे?"

"खर."

"म्हणजे घराचा कर भरायचा असला तर कराचा खर?" नगरपालिकेच्या कारभाराचं इतकं नेमकं वर्णन मी तरी पूर्वी ऐकलं नव्हतं. भाकरीची पाखरी झाली, भाताचा पाथ, दवाखान्याचा धवागाना. डॉक्टरचा ढॉख्ठर झाला आणि तो उच्चारताना घशाला असा काही त्रास होई की लगेच त्याच्याकडेच जावं. खरं म्हणजे गरं. खोटं म्हणजे गोठं. फणसात आणि गोठ्यात मिळून सत्य-असत्याचा निकाल लागला.

पण पत्नी चार बहिणींत वाढलेली. तिनं पाचच मिनिटांत माझ्या लेजरातली गफलत काढली. कपाटाला टेकून ती एकेक नाव म्हणायला लागली. आई. मामा. मामी. मावशी. वहिनी. सासू. सासरे. सून. मेहुणा. यातलं एकही नाव बदलत नव्हतं! सगळी न सरकणाऱ्या अक्षरांची. ज्यांच्याबद्दल दाराआड बोलायचं ती अवघी नातीगोती माझ्या भाषेत उघड्यावर. "आणि नवरासुद्धा नवराच राहतो," ती म्हणाली, "बायकोची मात्र भायखो." मी म्हटलं, नात्यांची नावं मूल पहिल्यांदा बोलतं त्या सोप्या अक्षरांची असतात, त्याला मी काय करू? पण नियम केला होता, साहेबाच्या सहीसारखा तो आता पुसता येणार नव्हता.

एक गोष्ट इथंच सांगून टाकतो, कारण पुढे सवड होणार नाही. या नादात मला आपल्या गावांकडे बघायची नवी दृष्टी आली. लातूरचं जुनं नाव लत्तलूर असं सांगतात. त्यातला एक त गेला आणि मागचा ल लांबून ला झाला. सप्ताचं सत्त झालं, सत्तचं सात झालं. अष्टाचं अट्ठ, मग आठ. कर्माचं कम्म, मग काम. हस्ताचा हत्थ, मग हात. प्रत्येक वेळी एक व्यंजन गेलं की मागचा स्वर लांब होतो. एक त नावे, एक मात्रा जमा. बॅलन्स जुळलाच पाहिजे. हे हिशोब कुणी कारकुनानं ठेवले नाहीत. दीड-दोन हजार वर्षं कोट्यवधी अडाणी जिभांनी ठेवले आणि एकदाही ऑडिटचा शेरा नाही. नांदेडचं तसंच. वाशीमला वाकाटक राजा दुसरा विंध्यशक्ती याचा ताम्रपट सापडला, त्यात नांदीकड असं नाव आहे आणि ते नांदेडच असं जाणकार मानतात. आता दोन स्वरांच्या मध्ये सापडलेलं व्यंजन गिळून टाकायचं हा महाराष्ट्री प्राकृताचा जुना शौक. कुंभकाराचा कुंभार असाच झाला, देवकुलाचं देऊळ असंच झालं. नांदीकडमधला क गिळा, नांदीअड उरतं, ते जरा भरभर म्हणा. आलं की नाही नांदेड? हा शौक अजून सुटलेला नाही. पुण्याचा माणूस 'मी करायला लागलो' म्हणतो. आमचा नांदेडकर तेच 'करायलो' म्हणतो. आई लातूरकडची, तिच्या माहेरी 'करूलालो' म्हणतात, म्हणजे 'करू लागलो'तला ग मध्येच कुणीतरी खाऊन टाकला. पुण्यातले लोक याला अशुद्ध म्हणतात. मी याला हजार वर्षांचा चालू खातेदार म्हणतो. असो.

तर आमची भाषा सुरू झाली. जेवताना मी म्हणायचो, "पाखरी वाढ." मुलगी हसायची. आई काही म्हणायची नाही. ती तांदूळ निवडत बसलेली असायची, नाहीतर वाती वळत. ऐकू तिला उत्तम येतं. पण आमच्या बोलण्याला ती पावसाच्या आवाजासारखं धरून बसते असा माझा समज होता.

अशात बदलीची ऑर्डर आली. लातूर. तीन-साडेतीन तासांचा रस्ता, रोज जा-ये करण्याजोगा नाही. बिऱ्हाड हलवायचं हे ठरलं. प्रश्न आईचा होता. तिकडे मिळणारं घर दोन खोल्यांचं, तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट बंद. इकडे थोरला दादा आहे, गावाच्या दुसऱ्या टोकाला त्याचा फ्लॅट आहे, पण दादाकडे वहिनीही आहे. आणि हे जुनं घर? ते बंद ठेवायचं की भाड्यानं द्यायचं? तुम्ही म्हणाल, आईला विचारायचं. हे आम्हालाही सुचलं, पण सगळ्यात शेवटी. आधी आपलं ठरवावं आणि मग विचारावं, म्हणजे विचारल्यासारखंही होतं, अशी सरकारी पद्धत आमच्याही अंगात मुरलीय. पंधरा दिवस आम्ही आईच्या समोर बसून आईची विल्हेवाट लावत होतो. 'भधली', 'कर', 'पाढं', 'धाधाखढे'. तिच्या पुढ्यातल्या ताटात तांदूळ एकेक करून सरकत होते आणि आमची व्यंजनं एकेक घर.

त्या गुरुवारी रात्री पत्नी म्हणाली, लातूरला आईंचं माहेर आहे, तेव्हा त्या खुशीनं येतील. (हे अर्थातच सगळं सरकवून.) मी डोकं हलवलं. पन्नास वर्षं नांदेडात काढलेली बाई, गोदावरीच्या घाटावर हिच्या चार मैत्रिणी, देवळातला हिचा खांब ठरलेला. मी आमच्या गुप्त भाषेत, व्याकरणाची एकही चूक न करता, ठाम वाक्य बोललो :

"आई येणार नाही."

तुम्ही करून बघा. आ, ई, ये, णा, र, ना, ही. एक अक्षर सरकत नाही. महिनाभर खपून मी जी भाषा तयार केली, तिच्यात त्या महिन्यातलं सगळ्यात गुप्त वाक्य शुद्ध मराठीत बाहेर पडलं. तेच पत्नी बोलली असती तर 'येणार नाहीथ' म्हणाली असती, निदान शेवटी एक थ तरी आडोशाला राहिला असता. सुनेनं सासूला अहो-जाहो का करावं याचं कारण मला त्या दिवशी कळलं.

आईनं ताटावरून मान वर केली नाही. "कुठं येणार नाही रे मी?" तिनं विचारलं.

खोलीत कुणी शिंकलंसुद्धा नाही.

मी काहीतरी पुटपुटलो. बँकेचं, ऑफिसातल्या एका आईचं. ऑफिसातली आई! तिनं ताट बाजूला ठेवलं, आणि रागावण्याऐवजी एक गोष्ट सांगितली. आजोबा, म्हणजे तिचे वडील, लातूरच्या मोंढ्यात एका आडतीवर मुनीम होते हे मला माहीत होतं. पण त्या मोंढ्यात दलालांची एक वेगळी बोली चालायची हे तिनं पूर्वी कधी सांगितलं नव्हतं. केवली म्हणजे एक, अवारू म्हणजे दोन, उधानू तीन, पोकू चार, मुळू पाच, शेली सहा, पवित्र सात, मंगी आठ. तिनं हे आकडे पाढे म्हणावेत तसे म्हणून दाखवले. मी नंतर शोधलं. मोल्सवर्थसाहेबाच्या १८५७ च्या मराठी कोशात ही बोली आहे, तिला नंदभाषा म्हणतात आणि ती दलाल-पोतदारांची, असं त्यानं नोंदवून ठेवलंय. जनावरांच्या बाजारात रुमालाखाली बोटं दाबून सौदा करतात, त्याचीच ही बोलकी बहीण. शेतकरी समोर उभा असतो, माल त्याचा असतो, आणि त्याच्या मालाचा भाव त्याच्या डोक्यावरून जात असतो.

साठ-बासष्ट सालची गोष्ट. आई आठ-नऊ वर्षांची, आजोबांचा डबा घेऊन मोंढ्यात गेलेली. तिचा सख्खा मामा गावाकडून तुरीची अकरा पोती घेऊन आला होता. भाव चाळिसाच्या वर किती, एवढाच प्रश्न होता. खरेदीदार म्हणाला, "पवित्र." म्हणजे सात. आडत्यानं मामाला मराठीत सांगितलं, "पाच." मधले दोन कुणाचे ते दोघांना माहीत, आणि तिसरे आजोबांना. त्यांनी वहीत पाच लिहिले. डबा हातात धरून उभ्या राहिलेल्या मुलीला सगळे आकडे पाठ होते, घरी खेळताना तिनंच ते वडलांकडून शिकून घेतले होते.

"मग?" मी विचारलं.

"मग काय? मामा रात्री मुक्कामाला आमच्याकडंच. जेवताना म्हणला, 'दाजी होते म्हणून भाव बरा आला.' कुणी काही बोललं नाही. अण्णा मान खाली घालून भाकरी मोडूलाले होते, मोडूलाले होते, पण खाईनात." आई उठली आणि दिवा मालवायला गेली. जाता जाता म्हणाली, "अण्णा एक अक्षर खोटं बोलले नव्हते हं."

त्या रात्री मला झोप लागली नाही. आपल्याकडे या विषयावरचा जुना दाखला धर्मराजाचा. त्यानं अश्वत्थामा मेला हे मोठ्यानं सांगितलं आणि हत्ती हा शब्द हळू म्हटला. शब्द सगळे खरे, फक्त आवाजात फेरफार. तेवढ्यानं त्याचा जमिनीपासून चार बोटं वर चालणारा रथ खाली टेकला. पण धर्मराजाला निदान द्रोणाचार्यांसाठी काहीतरी रचावं लागलं. खोटं बोलणाऱ्याला समोरचा माणूस लक्षात घ्यावा लागतो, त्याला काय पटेल, तो काय विचारेल याचा अंदाज करावा लागतो. आमच्या भाषेत आईसाठी काही रचलेलंच नव्हतं. ती कपाटासारखी तिथं होती, आणि कपाटासमोर कुणी खोटं बोलत नाही.

मग मी स्वतःची बाजू मांडायला लागलो, कारण ती मांडायला दुसरं कुणी जागं नव्हतं. म्हटलं, गुप्तता म्हणजे पाप असेल तर महानुभावांचं काय? त्यांनी आपले ग्रंथ सकळ लिपीत लिहिले, एका अक्षराच्या जागी दुसरं चिन्ह, अगदी माझ्यासारखं. आमच्याच जिल्ह्यात माहूर हे त्यांचं मोठं ठिकाण. इतिहासाचार्य राजवाड्यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ती किल्ली प्रसिद्ध केली तेव्हा कुठं बाहेरच्या लोकांना त्या पोथ्या वाचता आल्या. शेकडो वर्षं मराठीतलं इतकं जुनं गद्य लपून राहिलं. पण विचार करता करता लक्षात आलं की हा दाखला माझ्या बाजूचा नाही. त्यांनी आपलं स्वतःचं धन कुलपात ठेवलं होतं. मामाचे अकरा पोत्यांवरचे दोन-दोन रुपये मामाचे होते. आई कुठं राहणार ही गोष्ट आईची होती. दुसऱ्याची वस्तू त्याच्यासमोर आपल्या कुलपात घालायची आणि किल्ली हलवत राहायची, याला महानुभावांची साक्ष कशी काढणार?

आणि इतकं झाल्यावर पहाटे तो शेतकरी आठवला. तीन-चार वर्षांपूर्वीची गोष्ट. पीककर्जाचं नवं-जुनं करायला आलेला म्हातारा काऊंटरपाशी उभा होता. मी आणि साहेब त्याच्या डोक्यावरून बोलत होतो. ओव्हरड्यू, एन.पी.ए., ओ.टी.एस., सिबिल. इतर कर्जाला नव्वद दिवस आणि अशा पिकाच्या कर्जाला दोन हंगाम थकले की खातं त्या यादीत जातं, एवढी साधी गोष्ट. ती त्याला सांगायला दोन मिनिटं लागली असती. पण आम्ही ती एकमेकांना सांगत होतो, जी दोघांनाही माहीत होती. म्हाताऱ्यानं टोपी सारखी केली आणि म्हणाला, "सायेब, न्हाई म्हणायचं असंल तर मराठीत म्हना की. विंग्रजीतलं न्हाई कळाया दोन खेपा जास्त माराव्या लागतेत." आम्ही दोघं हसलो होतो. विनोद चांगला आहे म्हणून मी तो चार ठिकाणी सांगितलाही होता. केवली, अवारू, एन.पी.ए. मी वीस वर्षं मोंढ्यातच बसलोय हे मला कुणी सांगितलं नव्हतं एवढंच.

सकाळी मी पत्नीला सांगितलं की भाषा बंद. ती म्हणाली, बरं झालं, तिची जीभ दुखायला लागली होती. मुलीला मात्र वाईट वाटलं. ती शाळेत मैत्रिणींना शिकवत होती, आणि तिच्या वर्गात म्हणे तिचा दुसरा भागही निघाला होता.

दोन दिवस आई नेहमीसारखी होती. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी देवापाशी वात लावून ती आमच्या खोलीच्या उंबऱ्यात आली आणि म्हणाली, "मी येथे."

इतकंच. आणि आत गेली.

पत्नी म्हणाली, "घ्या. हे घर सोडणार नाहीत. इथंच राहणार म्हणतात."

मी म्हटलं, "आई कधी 'येथे' म्हणते का? जन्मात ती 'हितं' म्हणत आलीय. 'येथे' फक्त सरकारी पाटीवर असतं. येथे थुंकू नये."

"मग?"

"त चा थ कर."

पत्नीनं ओठ हलवून हिशोब केला. येते, येथे. तिचे डोळे मोठे झाले. म्हणजे आईला आमची भाषा येत होती. कधीपासून? पाखरीपासून? फघारापासून? वहिनींबद्दल आम्ही काय काय बोललो होतो ते दोघांनाही एकाच वेळी आठवलं. पण पेपर वाचणारी बाई, मुद्दाम पुस्तकी शब्दही वापरू शकते, असं पत्नीचं म्हणणं. येते की येथे, लातूर की नांदेड, यावर आम्ही अर्धा तास कुजबुजत भांडलो, शुद्ध मराठीत, आणि फळ्यांच्या पडद्याच्या वरचे दोन हात मोकळेच होते.

शेवटी मी उठलो, स्वयंपाकघरात गेलो, आईसमोर पाटावर बसलो आणि विचारलं, "आई, माझी लातूरला बदली झालीय. तुला काय करावंसं वाटतं?"

ती गॅस बारीक करून माझ्याकडे बघत राहिली. "आता इचारलास," ती म्हणाली. "दोन दिवस इचार करू दे."

त्या दोन दिवसांत तिनं लातूरच्या मावशीला तीनदा फोन लावला. मी कान देऊन ऐकत नव्हतो, भिंतीच तशा आहेत. दोघी बहिणी इतक्या भरभर बोलत होत्या की मला निम्मं कळलं नाही, पण 'केवली' आणि 'अवारू' हे दोन शब्द बऱ्याचदा आले, आणि मध्ये मध्ये दोघी हसत होत्या. एक की दोन, एवढाच काहीतरी प्रश्न दिसत होता. एक खोली की दोन, एक वर्ष की दोन, की एक सून की दोन, ते मात्र शेवटपर्यंत उलगडलं नाही.